चालू पार्कात कोस्टरचं बांधकाम: ‘ट्रॉन’च्या निमित्ताने वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लोरिडात ऑरलँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधल्या मॅजिक किंगडममध्ये ‘ट्रॉन लाइटसायकल रन’ हा रोलर कोस्टर 4 एप्रिल 2023 रोजी सुरू झाला. त्याची घोषणा झाली होती 15 जुलै 2017 रोजी. मधल्या पावणेसहा वर्षांत पत्र्यांच्या भिंती, बंद पडलेली आगगाडी, कापलेला स्पीडवे (मुलांनी चालवायच्या मोटारींचा ट्रॅक) आणि डोक्यावर क्रेन, असं सगळं पाहुण्यांच्या वाट्याला आलं आणि चाहत्यांत दोन तट पडले. एक म्हणे, ‘नवं हवं तर सोसा.’ दुसरा म्हणे, ‘पूर्ण तिकीट घेता, मग पूर्ण पार्क द्या.’ आता 2025 पासून त्याच पार्कात रिव्हर्स ऑफ अमेरिका ही कृत्रिम नदी बुजवण्याचं काम निघालं आहे आणि शेजारच्या हॉलिवूड स्टुडिओजमध्ये मपेट्सचं थिएटर बंद करून त्या भागात ‘मॉन्स्टर्स, इंक.’ सिनेमावरचा लटकता कोस्टर येतो आहे. वाद पुन्हा तेच. त्यामुळे नेहमी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

एक कोस्टर बांधायला खरंच पावणेसहा वर्षं लागतात?

नाही. रूळ आणि खांब उभे करण्याचं काम, म्हणजे ज्याचे फोटो सगळे काढतात ते, एकूण वेळेचा लहानसा तुकडा असतं. मध्यम आकाराच्या कोस्टरचं पोलाद काही महिन्यांत उभं राहतं. बाकीचा वेळ जातो तो जमिनीखाली, आजूबाजूला आणि कागदावर: पाण्याच्या, विजेच्या, सांडपाण्याच्या लाइनी हलवणं, पाया, इमारत, छत, आतली सजावट, वायरिंग, चाचण्या.

ट्रॉनच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी झाल्या. 2020 च्या मार्चमध्ये कोविडमुळे अख्खं रिसॉर्ट बंद झालं. मॅजिक किंगडम 11 जुलैला उघडलं, पण बांधकामाला पहिला वेग लगेच आला नाही. 1 ऑक्टोबर 2021 हा पार्कचा पन्नासावा वाढदिवस होता आणि तोवर कोस्टर तयार असेल असं आधी सांगितलं गेलं होतं. ती मुदत हुकल्यावर पुढची कुठली तारीख गाठायची घाई उरली नाही, असं आमचं मत. पावणेसहा वर्षं म्हणजे कोस्टर बांधायची गरज नव्हे. त्यात साथीचे आणि सवडीचे दिवसही आले.

शांघायमध्ये हाच कोस्टर 2016 पासून चालू होता. आयता आराखडा हातात असताना वेळ का?

रुळाची आखणी आयती होती. दोन्हीकडचे कोस्टर व्हेकोमा या डच कंपनीचे. पण पाया आयता मिळत नाही. जमीन वेगळी, भूजल वेगळं, वादळाच्या वाऱ्याचा भार वेगळा, बांधकामाचे नियम वेगळे. खांबांची आणि छताची गणितं नव्याने करावी लागतात.

मुख्य फरक मात्र वेगळाच आहे. शांघायचा कोस्टर पार्कबरोबरच बांधला गेला. 16 जून 2016 ला पार्क अधिकृतपणे उघडलं; बांधकाम चालू असताना तिथे पाहुणे नव्हते. क्रेन हवी तिथे, माती हवी तिथे, ट्रक हव्या त्या वेळी. ऑरलँडोत हाच कोस्टर एका बाजूला स्पेस माउंटन हा जुना कोस्टर, दुसऱ्या बाजूला स्पीडवे आणि मधून जाणारी आगगाडी, अशा पट्टीत घुसवायचा होता, तेही वर्षाचे 365 दिवस पार्क चालू ठेवून.

आगगाडी चार वर्षं बंद कशाला ठेवली?

ट्रॉनवरच्या तक्रारींत ही सगळ्यात मोठी, आणि तिच्यात तथ्य आहे. डिसेंबर 2018 मध्ये बंद झालेली वॉल्ट डिस्ने वर्ल्ड रेलरोड डिसेंबर 2022 मध्ये पुन्हा धावली.

कारण जागेचं आहे. ही आगगाडी पार्कला वळसा घालते, साधारण 2.4 किलोमीटरचा एकच फेरा, तीन फुटी नॅरोगेज. ट्रॉनचा उघड्यावरचा भाग या फेऱ्याच्या आत आणि मोठी इमारत फेऱ्याच्या बाहेर. म्हणजे कोस्टरने आगगाडीचा रूळ ओलांडणं भाग होतं. त्यासाठी त्या पट्ट्यातला रूळ उखडून पाया घेतला, गाडीसाठी बोगदा बांधला आणि रूळ पुन्हा टाकला. आज गाडी ट्रॉनखालच्या बोगद्यातून जाते.

यातला बोगदा हा लांबवणारा भाग नाही. पण त्याच्यावर आणि शेजारी क्रेन फिरत असताना खालून माणसांनी भरलेली गाडी नेता येत नाही. म्हणून बोगदा तयार झाल्यावरही वरचं जड काम संपेपर्यंत गाडी थांबली.

मग मेन स्ट्रीट ते फ्रंटियरलँड या दोन स्टेशनांमधली अर्धी लाइन चालवायची होती.

ही सूचना शंभरदा आली. चारही इंजिनं बाल्डविनची, 1916 ते 1928 मधली, मेक्सिकोतल्या युकातानमध्ये राबून आलेली. ती एकाच दिशेने गोल फिरायची, तशीच लाइनची रचना. अर्ध्या लाइनवर चालवायचं तर परतताना इंजिनाने डबे मागून ढकलायचे, शेवटच्या डब्यावर पुढचं बघणारा माणूस ठेवायचा, वेग अगदी कमी ठेवायचा आणि लाइनवर एका वेळी एकच गाडी सोडायची. तासाला फार थोडी माणसं गेली असती. अशक्य नव्हतं, पण परवडणारं नव्हतं. त्या काळात एक गाडी मेन स्ट्रीट स्टेशनात फोटोसाठी उभी करून ठेवली होती. मुलांना ते चाललं, आगगाडीप्रेमींना नाही.

स्पीडवे पूर्ण काढून टाकला असता तर काम सोपं झालं नसतं का?

झालं असतं. जानेवारी 2019 मध्ये तो बंद केला, ट्रॉनच्या बाजूचा भाग कापून ट्रॅक आखूड केला आणि मे 2019 मध्ये पुन्हा चालू केला. पेट्रोलच्या वासाची आणि आवाजाची ती मोटारगाडी पार्क उघडल्या दिवसापासूनची आहे. सहा-सात वर्षांच्या पोराला स्टीअरिंग हातात मिळतं अशी जागा दुसरी नाही, म्हणून ती टिकली. आमच्यात यावर एकमत नाही. बांधकामाच्या दृष्टीने पाहिलं तर तो काढला असता तर सामान ठेवायला आणि क्रेन फिरवायला ऐसपैस आवार मिळालं असतं. पाहुण्यांच्या दृष्टीने पाहिलं तर आगगाडीबरोबर आणखी एक राइड कायमची गेली असती.

पहिलं वर्षभर भिंतीमागे काहीच दिसत नाही. तेव्हा काम बंद असतं का?

उलट, तेव्हाच सगळ्यात अडचणीचं काम चालू असतं. क्रम साधारण असा:

1. मोजणी आणि मातीची बोअर. प्रत्येक मोठ्या पायाच्या आसपास बोअर घेऊन माती किती भार पेलते ते पाहतात. मध्य फ्लोरिडात वर वाळू आणि खाली चुनखडी, त्यात पोकळ्या. बोअर चुकीच्या जागी घेतलं तर पोकळी खोदताना सापडते आणि पायाचा आराखडा बदलावा लागतो.

2. जुन्या लाइनी शोधणं. पन्नास वर्षांच्या पार्कात नकाशावर एक आणि जमिनीत दुसरंच असतं. म्हणून आधी रडारने तपासतात, मग पाण्याच्या झोताने आणि सक्शनने हळूच खड्डा करून लाइन उघडी करतात. जेसीबीच्या दाताने केबल तुटली तर शेजारची चालू राइड बंद पडते.

3. लाइनी हलवणं. आधी नवी टाकायची, तपासायची, रात्री जोडायची, मग जुनी काढायची. बाहेरून यातलं काहीच दिसत नाही.

4. पाणी उपसणं. इथे भूजल अगदी वर आहे. मॅजिक किंगडमचे प्रसिद्ध सेवाबोगदे जमिनीत खणलेले नाहीत, जमिनीवर बांधून भोवती समोरच्या तळ्याची माती भरली आहे. पाहुणे चालतात तो खरा दुसरा मजला. नव्या पायासाठी खड्डा घ्यायचा तर भोवती मीटर-दीड मीटरवर उपसा-नळ्या रोवून पाणी सतत ओढावं लागतं. पाच-सहा मीटरपेक्षा खोल गेलं की एका टप्प्याने भागत नाही. उपसलेलं गढूळ पाणी तसंच कालव्यात सोडता येत नाही; आधी निवळावं लागतं. रात्री पंप बंद पडला तर सकाळी खड्ड्याच्या कडा ढासळलेल्या असतात.

5. सळई, शटरिंग, अँकर बोल्ट आणि काँक्रीट.

शेवटच्या टप्प्याचं गणित पाहा. तीन बाय तीन मीटरचा, दीड मीटर जाडीचा एक पाया म्हणजे साडेतेरा घनमीटर काँक्रीट, म्हणजे दोन मिक्सर. मिसळल्यापासून साधारण दीड तासात ते ओतून झालं पाहिजे. मिक्सर सकाळी नऊला पार्किंगच्या रांगेत अडकला तर माल परत पाठवावा लागतो. म्हणून ओतकाम पहाटे. सात दिवसांत काँक्रीटला साधारण दोन तृतीयांश ताकद येते, पूर्ण ताकद 28 दिवसांवर धरतात. घाई केली तर पोलाद नाही, पाया फसतो.

पायलिंगचा (पायासाठी जमिनीत खोल खांब घालण्याचा) आवाज सहन होत नाही. दुसरा मार्ग नाही का?

आहे, आणि पार्कांनी तोच घ्यावा असा आग्रह चाहत्यांनी धरायला हरकत नाही. हातोड्याने ठोकलेल्या पायलचा आवाज 15 मीटरवर साधारण 100 डेसिबल येतो. मोठ्या स्क्रूसारख्या ऑगरने भोक पाडून, तो वर ओढताना खालून ग्राउट (सिमेंटचा पातळ माल) भरत आणून केलेल्या पायलचा आवाज तिथेच 85 च्या आसपास. अंतर दुप्पट झालं की आवाज सहाएक डेसिबलने उतरतो, म्हणजे 60 मीटरवर हातोडा अजून 88 च्या आसपास.

ऑगरची अडचण वेगळी. ठोकताना दर ठोक्याला पायल किती खाली गेली त्यावरून पकड कळते. ऑगरमध्ये ग्राउटचा दाब आणि किती माल गेला याच्या नोंदीवर विसंबावं लागतं. ऑगर घाईने वर ओढला तर मधे मान बारीक होते आणि पायल वाया जाते. शेजारी जुनी इमारत असेल तर हादरे मोजायचे यंत्र भिंतीला लावतात. स्पेस माउंटन 1975 चा आहे. अशा शेजाराला हादरे देऊन चालत नाही.

सगळं काम रात्री का करत नाहीत?

मुंबईत लोकलचा रात्रीचा ब्लॉक पाहिला असेल तर उत्तर ओळखीचं वाटेल. तिथे कागदावर पाच तास, हातात तीन.

पार्क रात्री अकराला बंद झालं तरी माणसं बाहेर पडेपर्यंत बारा वाजतात. हॉटेलच्या पाहुण्यांना सकाळी साडेआठला आत घेतात. त्याआधी राइडच्या सकाळच्या तपासण्या, त्याआधी रस्ते धुणं. क्रेन उभी करून तपासायला तास, आवरायला तास. उरले चार तास. त्यात टुमॉरोलँडच्या, म्हणजे ट्रॉन आहे त्या भागाच्या, शेजारीच कंटेंपररी हॉटेल आहे आणि तिथल्या खोलीचं भाडं पाहता रात्री दोन वाजता लोखंडावर लोखंड आपटलेलं कुणी ऐकून घेणार नाही. म्हणून रात्री तेवढीच कामं करतात जी दिवसा करताच येत नाहीत: रस्त्यावरून जड तुकडा फिरवणं, लाइन जोडणं, पाहुण्यांच्या वाटेवरचं फरशीकाम.

एका क्रेनसाठी अख्खा रस्ता का बंद?

लटकत्या भाराखाली माणूस चालवायचा नाही, हा नियम कुठल्याही साइटवर पहिला. क्रेनचा हात जेवढ्या त्रिज्येत फिरणार तेवढं वर्तुळ, अधिक तुकडा निसटला तर तो जिथवर जाईल तेवढं अंतर, इतकी जागा रिकामी हवी. क्रेन जवळ उभी करता आली तर वर्तुळ लहान राहतं. पण जवळ जागा नसली की लांबून, आडवा हात करून उचलावं लागतं. हात आडवा झाला की क्रेनची ताकद झपाट्याने घटते, मग मोठी क्रेन लागते आणि तिला आणखी जागा. भिंत कुठे येणार हे बहुतेक वेळा असं ठरतं, ‘लोकांना त्रास द्यायचा’ म्हणून नाही.

फ्लोरिडात याला उन्हाळी दुपारची जोड आहे. जून ते सप्टेंबर जवळजवळ रोज गडगडाट. शेवटचा कडकडाट ऐकल्यापासून 30 मिनिटं उंचावरचं काम बंद. मधे पुन्हा गडगडलं की घड्याळ शून्यापासून. वादळाचा इशारा असेल तर क्रेनचे हात आधीच खाली घेऊन ठेवावे लागतात. सप्टेंबर 2022 मध्ये इयान वादळासाठी डिस्नेने पार्कच बंद ठेवली होती.

रूळ जोडताना नेमकं काय होतं, आणि काय बिघडतं?

तुकडे कारखान्यात वाकवून, रंगवून, क्रमांक टाकून येतात. सहसा दहाएक मीटर लांब. खांब आधी, रूळ नंतर. खांबाची बैठक-प्लेट अँकर बोल्टांवर बसवून खाली नट फिरवत लेव्हल घेतात, मग प्लेटखालच्या 25 ते 50 मिलिमीटर फटीत न आकसणारं ग्राउट भरतात. रुळाचा तुकडा क्रेनने टेकवला की आधी टेपर पिनांनी भोकं जुळवायची, थोडे बोल्ट हाताने लावायचे, टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राने) मोजायचं, मग ठरलेल्या क्रमाने टप्प्याटप्प्याने आवळायचं. आवळल्यावर नट आणि प्लेटवर एक सरळ रंगरेघ ओढतात. पुढे कधी ती रेघ तुटलेली दिसली तर नट फिरला.

बिघडतं ते बहुधा पायापाशी. काँक्रीट ओतताना बोल्टांचा साचा काही मिलिमीटर सरकला तरी खांबाच्या प्लेटची भोकं जुळत नाहीत. मग प्लेटची भोकं मोठी करायची परवानगी अभियंत्याकडून आणायची, किंवा बोल्ट कापून नवे रासायनिक अँकर भरायचे. दोन्हीत आठवडे जातात.

दुसरी अडचण शेवटच्या तुकड्याची. पोलाद तापलं की लांबतं: 30 मीटरचा भाग 20 अंशांनी तापला तर सात मिलिमीटरच्या आसपास. दुपारी न बसणारा तुकडा पहाटे बसतो. शेवटचा तुकडा भल्या पहाटे बसवतात तो फोटोसाठी नव्हे.

तिसरी, उशिरा आलेला एखादा तुकडा. क्रमांक 41 बोटीवर अडकला की 42 ते 60 आवारात पडून राहतात, आणि आवार पाहुण्यांच्या रस्त्यातून कापून काढलेलं असतं. पाहुण्यांना दिसतो तो नुसता बंद रस्ता आणि त्यामागे निवांत पडलेलं लोखंड.

रूळ पूर्ण दिसतो तरी उघडायला एवढा वेळ?

ट्रॉनमध्ये उघड्यावरच्या रुळापेक्षा त्यावरचं लाटेसारखं छत जास्त किचकट होतं. वाकड्या पोलादी सांगाड्यावर ईटीएफई नावाच्या पातळ पारदर्शक प्लास्टिकचे पॅनेल, त्यामागे दिवे. वाकड्या पृष्ठभागावर शेजारशेजारचे दोन पॅनेलही सारखे निघत नाहीत, आणि ते बसवायला माणसं तयार रुळाच्या वर लटकून काम करतात. म्हणजे त्या वेळी खाली गाडी सोडता येत नाही. चाचणी आणि छत दोन्ही एकमेकांची वाट अडवतात.

चाचणीची पायरी अशी. आधी सर्वांत लांब हात-पाय पसरलेल्या माणसाएवढी चौकट गाडीवर बसवून ती हळू ओढत नेतात. कुठे काही अडतं का ते दिसतं. मग रिकामी गाडी, मग 75 ते 80 किलोचे पाण्याने भरलेले पुतळे, अर्धे भरून, एकाच बाजूला भरून, पूर्ण भरून. त्यानंतर ब्लॉक तपासतात: एका भागात एकच गाडी असली पाहिजे, पुढचा भाग रिकामा नसेल तर मागची आपोआप थांबली पाहिजे. हे मुद्दाम, पुन्हा पुन्हा चुकवून बघतात. थंड सकाळी चाकं जड फिरतात आणि गाडी रेंगाळते, भर दुपारी तीच गाडी वेगाने येते. दोन्ही टोकांना ब्रेक बरोबर लागेपर्यंत सॉफ्टवेअर बदलत राहतं. इथे कुणी घाई करा म्हणत असेल तर त्याच्याशी वाद घालू नका, विषय बदला.

युनिव्हर्सल दोन वर्षांत बांधतं, डिस्नेलाच का जमत नाही?

निम्मं खरं आहे. त्याच शहरात युनिव्हर्सल या प्रतिस्पर्धी पार्कने ड्रॅगन चॅलेंज हा जुना कोस्टर सप्टेंबर 2017 मध्ये बंद केला आणि त्या जागी हॅग्रिडचा कोस्टर 13 जून 2019 ला उघडला. पण तिथे अख्खी जागा रिकामी करून मिळाली आणि मधून जाणारी आगगाडी नव्हती. शिवाय लवकर उघडण्याची किंमत पाहुण्यांनी दिली: पहिल्या दिवशी रांग दहा तासांवर गेली आणि पुढचे बरेच दिवस बिघाड, विजा आणि कमी वेळ यांत गेले.

डिस्नेचं स्वतःचं उदाहरण जास्त बोलकं आहे. एपकॉट या डिस्नेच्याच शेजारच्या पार्कमधल्या कॉस्मिक रिवाइंड या कोस्टरची घोषणा ट्रॉनबरोबरच, जुलै 2017 मध्ये झाली. तोही व्हेकोमाचाच. जुनी एलेनची राइड ऑगस्ट 2017 ला बंद करून तिची इमारत वापरली, मागच्या मोकळ्या बाजूला नवी प्रचंड इमारत उभारली आणि 27 मे 2022 ला कोस्टर सुरू झाला. पाहुण्यांची वाट जवळजवळ अडलीच नाही, तरी पावणेपाच वर्षं. म्हणजे रस्ता अडवणं आणि वेळ लावणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. ती एकत्र मोजली की वाद कुठेच पोचत नाही.

जाहीर कधी केलं यानेही फरक पडतो. युनिव्हर्सलच्या व्हेलोसीकोस्टरची अधिकृत घोषणा सप्टेंबर 2020 मध्ये झाली, तेव्हा रूळ सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहत होता. 10 जून 2021 ला तो उघडला. लोकांच्या लेखी नऊ महिने. ट्रॉनने आधी घोषणा केली आणि मग पहिलं खोरं मारलं.

हिवाळ्यात बंद राहणाऱ्या पार्कांना हा त्रास नसतो?

कमी असतो. ओहायोतलं सीडर पॉइंट नोव्हेंबर ते मे बंद असतं, जड काम तेव्हा उरकतं. पण गोठलेली जमीन आणि थंडीतलं काँक्रीट हा तिथला जाच, आणि वसंतातली तारीख हुकली तर अख्खा हंगाम हुकतो.

इंग्लंडमधल्या अल्टन टॉवर्सची अडचण आणखी निराळी. तिथे झाडांच्या शेंड्यांवर काही दिसता कामा नये, म्हणून 1994 चा नेमेसिस हा कोस्टर खडक सुरुंगाने फोडून खड्ड्यात बसवला. (बोलिगर अँड मॅबिलार्ड या स्विस कंपनीचा, खोपोलीच्या इमॅजिकामधला नायट्रोही त्यांचाच.) नोव्हेंबर 2022 मध्ये तो बंद करून रूळ बदलला आणि मार्च 2024 मध्ये पुन्हा सुरू केला. चाहत्यांनी मोडलेल्या रुळाचे फोटो बघून अक्षरशः सुतक पाळलं, पण त्या बंदबद्दल तक्रारी फार कमी झाल्या. राइड स्वतःच बंद होती, शेजारची माणसं अडली नाहीत.

काम कुठवर आलं हे अफवांशिवाय कसं कळेल?

कंपनीच्या चित्रांवर जाऊ नका. चित्रात कायम संध्याकाळ असते. ऑरेंज काउंटीत दाखल होणाऱ्या काम-सुरू नोटिसा पाहा. त्यात कंत्राटदाराचं नाव आणि कामाचं दोन ओळींचं वर्णन मिळतं. पाण्याच्या निचऱ्याच्या परवान्यासाठी साउथ फ्लोरिडा वॉटर मॅनेजमेंट डिस्ट्रिक्टकडे दिलेले नकाशे त्याहून उपयोगी. इमारतीची कड, तळी, रस्ते सगळं मापात असतं. ट्रॉनच्या आगगाडीचा मार्ग चाहत्यांनी अशाच नकाशांवरून आधी ओळखला होता. मात्र नोटिशीवरची मुदत म्हणजे उघडण्याची तारीख नव्हे, ती कंत्राटाची सोय असते.

पार्कात असाल तर पीपलमूव्हरमध्ये (टुमॉरोलँडमध्ये उंचावरून संथ फिरणाऱ्या गाडीत) बसा. स्पेस माउंटनच्या बाजूने जाताना भिंतीपलीकडचं दिसतं. काम पुढे सरकलं हे ओळखायची सोपी खूण: उपसा पंप गेले म्हणजे पाया संपला, मोठी क्रेन गेली म्हणजे पोलाद संपलं, झाडांच्या कुंड्या आल्या म्हणजे महिनेच उरले.

आई-बाबा भारतातून सहा महिन्यांसाठी आले आहेत. बांधकाम चालू असताना न्यावं का?

न्या. तारीख पुढे ढकलून कोस्टर मिळेल या भरवशावर राहू नका, आणि बांधकाम चालू म्हणून तिकिटात सूट मिळत नाही हेही धरून चला. काळजी चालण्याची घ्या. एक रस्ता बंद झाला की गर्दी शेजारच्या अरुंद वाटेवर येते. परेड किंवा आतषबाजी सुटल्यावर तिथे व्हीलचेअर आणि स्ट्रोलर अडकतात. बंद राइडची यादी डिस्नेच्या अ‍ॅपवर आठवडाभर आधी आणि त्या दिवशी सकाळी पुन्हा पाहा. आगगाडी किंवा बोट बंद असेल तर ज्येष्ठांच्या बसण्याच्या जागाच गेलेल्या असतात, कारण तीच त्यांची विश्रांती. त्याऐवजी पीपलमूव्हर आणि कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस (फिरत्या थिएटरमधला खेळ) धरा. दोन्ही टुमॉरोलँडमध्येच आहेत, रांगा लहान, आणि दुसऱ्यात थंड हवेत वीस मिनिटं बसायला मिळतं.

दम्याचा त्रास असेल तर फरशी कापायचं काम चालू असलेली बाजू टाळा. पाणी मारून कापतात, तरी धूळ उडते.

नवा कोस्टर उघडल्या उघडल्या जावं का?

पहिल्या तीन महिन्यांत बिघाड ठरलेले. सेन्सरची खोटी सूचना, दाराच्या कडीची तक्रार, पावसाचं पाणी; कोस्टर सुरक्षितपणे थांबतो, पण तुमचा तास जातो. जायचंच तर सकाळी पहिल्या तासात जा, दुपारच्या गडगडाटात नको. ट्रॉनला सुरुवातीला आभासी रांग (अ‍ॅपवर नंबर लावायचा, पाळी आली की जायचं) होती, ती सप्टेंबर 2024 मध्ये काढून साधी रांग सुरू केली. उंची किमान 122 सेंटिमीटर लागते, बॅगा लॉकरमध्ये ठेवाव्या लागतात आणि लॉकर फुकट आहेत. बाइकसारखी बैठक आहे, पिंढऱ्यांमागून कडी येते. ती लागत नसेल तर काही गाड्यांना मागे साधी बैठक असते, ती हवी असं सांगा. बाहेर बाइकचा नमुना ठेवलेला आहे, रांगेत शिरण्याआधी त्यावर बसून बघा.